कुलुपे : पाण्याची आणि माणसांची

(मानखुर्द येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी चिठ्ठीवर 'कुलुपे' एवढा एकच शब्द लिहून दिला. पत्रके छापून झाली आणि परवा सकाळी भाजीबाजारात एका शेजाऱ्यांनी मला हटकले. म्हणाले, "काय हो, घरफोड्यांवर बोलणार म्हणे तुम्ही?" मी म्हटले, "घरफोडीही येईल थोडीशी. पण मुख्यतः जहाजे आणि पाणी." त्यांचा चेहरा उतरला. आज ते आलेले दिसत नाहीत. जे आले आहेत त्यांना आधीच सांगून ठेवतो, की मी काही विद्वान नव्हे. १९७१ साली मी मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क म्हणून लागलो आणि २००८ साली निवृत्त झालो. सदतीस वर्षे जहाजातून उतरणारी खोकी मोजली. खोकी मोजता मोजता जे डोळ्यांसमोरून गेले आणि निवृत्तीनंतर जे वाचनात आले, त्याची ही सरमिसळ आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. 'कुलूप' हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या हाताला धरून आला. मूळ शब्द 'कुफ्ल'. मराठी जिभेने त्यातली अक्षरे उलटीपालटी केली आणि त्याला आपलेसे करून टाकले. या वैशाखाच्या उकाड्यात सांगायला हरकत नाही, की कुल्फीही याच घराण्यातली. झाकण घट्ट बसवलेल्या भांड्यात ती गोठवतात, म्हणून कुल्फी. 'चावी' आली पोर्तुगिजांकडून. 'टाळे' मात्र आपले, संस्कृत 'तालका'पासूनचे. आणि 'आगळ' म्हणजे संस्कृतातली 'अर्गला'. आपल्या गावच्या नावातला 'खुर्द' हाही फारसीच. खुर्द म्हणजे धाकटे. तेव्हा मानखुर्दच्या माणसाने कुलुपाला परके म्हणू नये.

हे शब्द एका रांगेत मांडून पाहिले तर त्यांचे दोन तट पडतात. कडी, खिट्टी, अडसर, आगळ ही एका बाजूची मंडळी. जुन्या कोकणी घरात दाराच्या मागे भिंतीतून ओढून घ्यायचा लाकडी अडसर पुष्कळांनी पाहिला असेल. ही सगळी साधने आतून लावायची. त्यांना किल्ली नसते, कारण त्यांची किल्ली म्हणजे घरातला माणूस. दुसऱ्या बाजूला टाळे आणि कुलूप. ही बाहेरून लावायची. आतून लावलेली कडी सांगते की घरात कोणी आहे. बाहेरून लावलेले कुलूप सांगते की कोणी नाही. पूर्वी घर सहसा मोकळे पडत नसे. कोणी तरी म्हातारी उंबऱ्याशी बसलेली असायचीच. घरे लहान झाली, सगळी माणसे कामावर जाऊ लागली, आणि कुलपांचा धंदा वाढला. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलुपे बनविण्यास सुरुवात केली. गिरणगाव गजबजत होता तोच हा काळ. यात माझी थोडी अटकळ आहे, पण ती सोडून द्यावी असे मला वाटत नाही.

आता पाण्याच्या कुलुपाकडे येतो. इंग्रजीत कालव्यावरच्या एका बांधकामालाही 'लॉक'च म्हणतात. मराठीत त्याला 'जलपाश' असा शब्द योजलेला आढळतो. शब्द भारदस्त आहे, परंतु पाश म्हटला की फास डोळ्यांपुढे येतो, आणि येथे तर फास मुळीच नाही. गोदीतली माणसे सरळ 'लॉकगेट' म्हणत, आणि मीही तेच म्हणणार.

हे लॉकगेट असते कसे? समजा, एका कालव्यातले पाणी वर आहे आणि पुढचे पाणी दहा-बारा फूट खाली आहे. बैलगाडी उतारावरून उतरते, नाव उतरू शकत नाही; ती उलटेल, किंवा पाणीच सारे वाहून जाईल. म्हणून मध्ये एक दगडी कोठी बांधतात आणि तिला दोन्ही टोकांना दारे बसवितात. नाव वरच्या दाराने कोठीत येते, दार मिटते. मग खालच्या बाजूची मोरी उघडली की कोठीतले पाणी हळूहळू उतरते आणि त्याबरोबर नावही उतरते. दोन्हीकडची पातळी एक झाली की खालचे दार अगदी अलगद उघडते. तोपर्यंत पन्नास माणसे लावली तरी ते हलत नाही. वर चढवायचे तर हेच उलट करायचे. नाव उचलायला कसले यंत्र लागत नाही, पाणीच तिला उचलते. नियम एकच : दोन्ही दारे एकाच वेळी कधीही उघडायची नाहीत.

या युक्तीचा इतिहास गमतीचा आहे. चीनमध्ये मोठ्या कालव्यावरून सरकारी धान्याच्या नावा जात असत. पातळी बदलायच्या ठिकाणी त्या उतरणीवरून दोरांनी ओढून घ्याव्या लागत. त्यात नावा फुटत, आणि ओढणारी माणसे आसपासच्या चोरट्यांशी संधान बांधून गोंधळात धान्य पळवीत. तेव्हा इ. स. ९८४ च्या सुमारास च्याओ वेइ-युए नावाच्या अधिकाऱ्याने पन्नासएक पावलांच्या अंतरावर दोन दारे बांधली आणि मधल्या पाण्यावर नावा चढवू-उतरवू लागला. म्हणजे पाहा, पाण्याचे कुलूपही अखेर चोरीपायीच जन्माला आले! पुढे युरोपात दोन झडपा कोनात मिटणारे दार निघाले. त्याचे श्रेय लिओनार्दो द विंचीला देतात. दोन झडपांचा कोन वरच्या पाण्याच्या दिशेने असतो, त्यामुळे पाणी जितके जोराने दाबील तितके दार अधिक घट्ट मिटते. शत्रूच्या जोरावरच दार बंद ठेवायचे, ही कल्पना मला फार आवडते.

मी लॉकगेट प्रथम पाहिले ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा मानखुर्द हे शेवटचे स्टेशन होते. खाडीवरचा पूल १९७३ साली झाला आणि गाडी वाशीला गेली ती १९९२ साली. त्याआधी आमच्यापुढे फक्त चिखल, मिठागरे आणि बगळे. सकाळच्या गाडीने व्ही.टी.ला उतरायचे आणि बॅलार्ड पिअरपर्यंत चालत जायचे. ज्या जमिनीवरून आपण चालतो, ती अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीने भरून काढलेली आहे, हे मला फार उशिरा कळले.

मुंबईच्या जुन्या गोद्या तीन : १८८० ची प्रिन्सेस, तिच्यानंतरची व्हिक्टोरिया आणि १९१४ ची अलेक्झांड्रा, जिला पुढे इंदिरा गोदी हे नाव मिळाले. आपल्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत बारा ते पंधरा फुटांचा फरक पडतो. उघड्या धक्क्याला बांधलेले जहाज सकाळी डोक्यावर असेल तर दुपारी पायाशी. म्हणून गोदीतले पाणी दारांनी अडवून धरायचे, बाहेर समुद्र काही का करीना. पहिल्या दोन गोद्यांची दारे भरतीच्या वेळीच उघडत. वेळ चुकली की पुढच्या भरतीपर्यंत बसा. इंदिरा गोदीला मात्र ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद असे पुरते लॉक बांधलेले आहे, त्यामुळे भरती असो, ओहोटी असो, जहाजाला आत-बाहेर करता येते.

ओहोटीला एक मालवाहू जहाज आत घेताना मी काठावर उभा होतो. जहाज कोठीत शिरले तेव्हा त्याच्या डेकवरचा खलाशी माझ्याकडे मान वर करून पाहत होता. बाहेरचे दार मिटले. मग बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटले. दोर ताणले जात होते, सारंग ओरडत होता, एवढेच. मी विडी ओढणाऱ्या एका जुन्या कामगाराशी बोलत राहिलो. पुन्हा वळून पाहतो तर तोच खलाशी आता माझ्या वरून खाली पाहत होता आणि हसत होता. हजारो टन लोखंड वर चढले आणि मला आवाजसुद्धा ऐकू आला नाही. तो म्हातारा कामगार म्हणाला, "बाबा, हितं घाई करणाऱ्याचं काम नाय." पुढे कचेरीत बढतीची वाट पाहताना हे वाक्य मला पुष्कळदा आठवले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या पुढे बुजवून टाकल्या. जेथे जहाजे डोलत तेथे सपाट जमीन झाली.

अलेक्झांड्रा गोदी उघडली त्याच १९१४ साली ऑगस्टमध्ये पनामा कालवा वाहतुकीस खुला झाला. सुएझच्या कालव्याला लॉकगेट नाही. १७९९ साली नेपोलियनच्या मोजणीदारांनी तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा तीस फुटांनी उंच असल्याचे चुकून काढले होते. प्रत्यक्षात पातळी जवळजवळ सारखीच निघाली आणि १८६९ साली सुएझ सरळ खणून मोकळा झाला. त्या यशाच्या भरात द लेसेप्स पनामालाही लॉकशिवाय, समुद्राच्या पातळीवर कालवा खणायला निघाला आणि तेथे डोंगर, पाऊस आणि हिवताप यांनी त्याचे दिवाळे काढले. पुढे अमेरिकनांनी लॉकगेटचा जिना बांधून जहाजे ८५ फूट वर चढवली आणि पलीकडे उतरवली. पण या जिन्याला मोल पडते. एक जहाज समुद्रापासून समुद्रापर्यंत न्यायचे तर सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी सरोवरातून सुटून समुद्रात जाते. २०२३ साली तेथे पाऊस कमी झाला, सरोवर उतरले आणि रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या घटवावी लागली. लॉकगेट फुकट चालत नाही. वरच्या पाण्याने खर्चाला तयार असावे लागते.

आता कोणी विचारील, महाराष्ट्रात अशी लॉकगेटे का झाली नाहीत? झाली नाहीत हे खरे. पण होणार होती. ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि आंध्रात समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ धवळेश्वरम् येथे सर आर्थर कॉटन या इंजिनिअराने १८४७ ते १८५२ या काळात मोठा बांध घातला. त्यातून निघालेल्या कालव्यांवर शेतीही होई आणि लॉकगेटांतून नावाही चालत. कॉटनसाहेबाचे आयुष्यभर एकच म्हणणे होते : हिंदुस्थानाला आगगाडीपेक्षा पाण्याची वाट स्वस्त पडेल, आणि त्याच पाण्याने शेतही भिजेल. त्याला वाटले, समुद्रापासून गोदावरीने वर यावे, सिरोंच्याजवळ प्राणहितेत शिरावे, तेथून वर्धा नदीने वऱ्हाडाच्या कापसापर्यंत पोहोचावे. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला डुमागुडेमचा, दुसरा इंचमपल्लीचा, आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीचा, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. प्रत्येक अडथळ्याला वळसा घालणारा कालवा आणि लॉकगेटे, अशी योजना होती. हेग नावाच्या इंजिनिअराने पाहणी केली आणि काम हाती घेतले. जंगलात मजूर मिळेनात, तापाने माणसे पटापट पडत. तरीही डुमागुडेमचा बांध आणि कालवा झाला. सिरोंचा हे तेव्हा अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. हिंगणघाटचा कापूस नावांनी सिरोंच्यावरून मद्रासच्या किनाऱ्याकडे जाईल, असे स्वप्न कागदावर रंगवले गेले.

इकडे १८६७ साली जी.आय.पी. रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाचे गठ्ठे आगगाडीने सरळ मुंबईला येऊ लागले. नदी तर वर्षातले काही महिनेच नाव चालण्याजोगी. उन्हाळ्यात वाळूच वाळू. १८७१ साली काम सोडून देण्यात आले. मुंबई वाढली, गिरण्या वाढल्या, गोद्या बांधल्या गेल्या. सिरोंचा राज्याच्या शेवटच्या टोकाला राहिले.

आगगाडी आली हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. मानखुर्दच्या माणसाने आगगाडीला नावे ठेवणे म्हणजे कृतघ्नपणा होईल. आमच्या दख्खनच्या नद्या चार महिने दुथडी आणि आठ महिने कोरड्या. लॉकगेटसाठी वर पाणी कुठले? कॉटन हा मुखाजवळच्या सपाट मुलखातला अनुभव घेऊन वरच्या खडकाळ मुलखाकडे पाहत होता, आणि येथे तो चुकला असे मला वाटते. परंतु त्याचा एक मुद्दा खरा होता. नुसता अडवणारा बांध आणि लॉकगेट असलेला बांध यांत फरक आहे. पहिला पाणी धरतो, दुसरा पाणी धरूनही वाट देतो. २०१९ साली सिरोंच्याच्या समोर गोदावरीवर मेडिगड्डाचा प्रचंड बंधारा झाला. पाणी तेलंगणाला गेले आणि अलीकडच्या तीरावरचे शेतकरी शेते बुडाल्याचे गाऱ्हाणे सांगत राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या बंधाऱ्याचे खांब खचले. दाराची कळ एका तीराकडे आणि पाणी दोन्ही तीरांना, असे झाले की भांडण ठरलेलेच.

आपल्या किनाऱ्यावर मात्र एक पाण्याचे कुलूप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, आणि त्याला मराठी नावही सुरेख आहे : 'उघाडी'. अलिबाग-पेणकडच्या खारेपाटातले कोणी येथे असतील तर ते मान डोलावतील. खाडीला मातीचा बांध घालून आत भातशेती करायची. पावसाचे पाणी बाहेर गेले पाहिजे, पण भरतीचे खारे पाणी आत येता कामा नये. म्हणून बांधात मोरी ठेवून तिच्या तोंडाला वर बिजागरी असलेली झडप बसवायची. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते, भरतीला बाहेरचे पाणी तीच झडप दाबून मिटवते. किल्ली नाही, पहारेकरी नाही. लिओनार्दोच्या दारात जे तत्त्व आहे तेच येथे. मात्र झडपेत एखादे लाकूड अडकले, बांधाला खेकड्याने भोक पाडले, की एका उधाणात खांड पडते आणि शेत दोन-तीन पावसाळे खारावून जाते. म्हणून गावातली माणसे उधाणाच्या रात्री कंदील घेऊन बांधावर फिरत. सामाईक बांध सगळ्यांनी मिळून राखायचा, अशी रीत होती. १९४८ च्या खार जमीन कायद्यानंतर सरकार त्यात आले. रीत मागे पडली आणि खांडी वाढल्या, असे तिकडचे जुने लोक सांगत. दोन्हींचा संबंध किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

आमच्या मिठागरांतली गोष्ट याच्या बरोबर उलट. तेथे खारे पाणीच हवे असते. उधाणाचे पाणी दाराने आत घ्यायचे, दार लावायचे, आणि उन्हाने त्याचे मीठ करायचे. एकाच खाडीच्या काठावर एकाचे दार समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी आणि दुसऱ्याचे त्याला आत कोंडण्यासाठी.

कुलुपाचे आणखीही पुष्कळ अर्थ आहेत, आणि सगळ्यांना हात घालायचा तर रात्र सरेल. धनुर्वातात दातखीळ बसते ती एक. कुस्तीतला पेच दुसरा. नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला घरांना दारेच नाहीत, तेथे २०११ साली एका बँकेने शाखा काढली आणि ती बिनकुलपाची म्हणून गाजली. काचेच्या दाराला न दिसणारे, विजेवर चालणारे कुलूप होतेच, असे वाचल्याचे आठवते. श्रद्धा शनीवर आणि ठेवी विजेवर!

पण एका कुलुपाबद्दल मला आदर आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्या बनवायच्या होत्या. येथून जवळच, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात त्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेर टाळे लटकवायचे तर खर्च अवाच्या सवा होता. तेव्हा पेटीच्या आतच बंद होणारी कळ बसवली गेली. ज्यांना आयुष्यात कुलूप लावण्याजोगे काही मिळाले नव्हते, अशा लाखो माणसांनी आपली चिठ्ठी त्या कुलुपात टाकली.

आणि एक कुलूप असे, की ज्याची आठवण या वस्तीतल्या कित्येक घरांना आहे. मालकाने कारखान्याला टाळे ठोकले, म्हणजे 'टाळेबंदी'. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाचीही व्याख्या केली आणि टाळेबंदीचीही. जणू एकाच दाराच्या दोन बाजू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि कित्येक गिरण्यांच्या दरवाजांना लागलेले कुलूप पुन्हा निघालेच नाही. कामगाराने हात थांबवले तर तो उद्या ते पुन्हा चालवू शकतो. पण दाराची किल्ली ज्याच्याकडे असते तो दार उघडेल की जमीन विकेल, हे त्याच्या मर्जीवर. पुढे हाच शब्द २०२० च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांनी साऱ्या देशाला लावला. या वेळी कारखाना नव्हे, माणसेच घरात. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांनी आतून कडी लावून बसायचे म्हणजे काय, हे या वस्तीला सांगायला नको. तेव्हा पायी गावाकडे निघालेली माणसे पुलावरून जाताना मी पाहिली आहेत.

आता ज्यासाठी खरे तर मी हा विषय घेतला, त्याकडे येतो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी त्या दिवशी तापामुळे रजेवर होतो, म्हणून घरी. आमच्या चाळीत एक गृहस्थ राहत. त्यांचे वडील ऐंशीच्या पुढचे, कानाने कमी ऐकणारे, आणि विसरभोळे झाल्यामुळे घराबाहेर पडून वाट चुकणारे. सूनबाई माहेरी गेलेल्या. मुलगा सकाळी कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून गेला. त्यात निष्ठुरपणा नव्हता, काळजीच होती. दुपारनंतर नाल्याचे पाणी चाळीत शिरले. ते पावसाचे होते तसे खाडीचेही होते. भरतीची वेळ होती आणि नाल्याच्या तोंडाशी तिला अडवणारे दार नव्हते. पाच वाजता गुडघाभर, सहाला मांडीपर्यंत. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, की त्या कुलूपबंद खोलीत माणूस आहे.

मी आधी म्हटले ना, बाहेरचे कुलूप सांगते की घरात कोणी नाही? आम्ही सगळे त्या दारावरून चार-पाच वेळा गेलो होतो आणि कुलूप पाहून निर्धास्त होतो.

कुलूप चांगल्या प्रतीचे होते. दगड घातले, ते फुटले नाही. शेवटी पहार लावून चौकटीतून कोयंडाच उपटला. आत आजोबा खाटेवर पाय वर घेऊन, मांडीवर पत्र्याची ट्रंक धरून बसलेले. खाटेला पाणी लागले होते. आम्हाला पाहून ते ओरडले, "चोर, चोर!" त्यांना माझ्या पाठीवर घालून वरच्या मजल्यावर नेले, तरी ते माझ्या मानेवर बुक्क्या मारीतच होते. मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे कुर्ल्याहून पाण्यातून चालत आला. दाराशी लोंबणाऱ्या कोयंड्याला तेच कुलूप तसेच शाबूत लटकत होते. त्याने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग खाली बसून रडला. दोन दिवसांनी त्याने नवा कोयंडा ठोकून घेतला आणि दुसरी किल्ली आमच्याकडे आणून दिली. त्यानंतर आमच्या चाळीत किल्ल्या शेजारी ठेवण्याची जुनी रीत पुन्हा सुरू झाली. आजोबा पुढे चार वर्षे जगले.

त्या प्रलयानंतर नाल्यांच्या तोंडांना दारे बसवावीत, असे पुष्कळ बोलले गेले. मुंबईच्या बऱ्याच नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत, हे काही नवे ज्ञान नव्हते. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात पंपघरांची शिफारस होतीच. पुढे हाजीअली, इर्ला, वरळीचे लव्हग्रोव्ह अशी काही पंपघरे उभी राहिली. आपल्या बाजूच्या माहुल खाडीवरचे पंपघर मात्र मिठागराच्या जागेच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे रखडले.

येथे मी माझ्या तरुण मित्रांना सावध करू इच्छितो. ते सभांतून मागणी करतात, की नाल्याला दार बसवा म्हणजे झाले. तसे नाही. उधाणाच्या वेळी दार मिटले की समुद्र बाहेर राहील. पण त्याच वेळी पाऊस पडत असेल तर तोही आत कोंडला जाईल. उघाडीमागे भातशेत असते. ते पाच-सहा तास पाणी पोटात ठेवू शकते. शहरात आता ते पोट उरलेले नाही. ज्या खाजणांत आणि मिठागरांत पाणी पसरायचे तेथे भराव पडले. तेव्हा दाराबरोबर पंप हवा, पंपाला पाणी साठवायला तळे हवे, आणि रात्री दोन वाजता भरतीचे कोष्टक पाहून दार हलवणारा जागा माणूस हवा. मागायचे तर हे चारही एकत्र मागा. नुसते दार मिळाले तर ते त्या आजोबांच्या दारासारखे होईल. आणि जी मिठागरे अजून मोकळी आहेत त्यांवर घरे बांधण्याची भाषा जेव्हा होईल, तेव्हा पाण्याची ही कोठी आपण बुजवतो आहोत काय, हा प्रश्न उभे राहून विचारा. घरे आम्हालाही हवी आहेत. चाळीत आयुष्य काढलेला मनुष्य घरांच्या विरुद्ध बोलेल कसा? पण ज्या घरात पाणी कंबरेइतके येणार त्याची किल्ली घेऊन करायचे काय?

माझे बोलणे ठरल्यापेक्षा लांबले. कोणाला काही विचारायचे असल्यास मी खाली पायरीवर थांबतो. कारण सभागृहाचे शिपाईमामा दोनदा दारात येऊन डोकावून गेले आहेत आणि त्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा मला येथून दिसतो आहे.